जुनेरावांच्या दोन शब्द पुढे

आमची शेपटी काय काम करते हे सांगितलं, की समोरच्याला आधी पटतच नाही. ती संसदेत काचेच्या एका खोलीत बसते आणि खाली सभागृहात पुढारी जे बोलतात ते तेव्हाच्या तेव्हा दुसऱ्या भाषेत बोलते, असं म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे टायपिंग का?" टायपिंग नाही बाबा. तोंडाने. तो तिकडे बोलतोय आणि ही इकडे बोलतेय, दोघं एकदमच. "मग ऐकते कधी?" असं पुढे विचारतात. त्याचं उत्तर मला कधीच देता आलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे, की आमच्या घराण्यात ऐकता ऐकता बोलायची कला पूर्वापार आहे. तिला पगार मिळतो, आम्हाला मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

शेपटी माझ्या भावाची मुलगी. भाऊ माझा गुणाचा, पण बोलायला लागला की वाक्याच्या मध्यावर मुक्काम ठोकायचा. "आज मी बाजारातून येताना..." एवढं म्हणायचा आणि चष्मा पुसायला घ्यायचा. चष्मा पुसून व्हायचा, वहिनीची भांडी विसळून व्हायची, वाक्य आपलं तिथेच उभं. ही पोर बोलायला लागली तेव्हापासून बापाच्या वाक्याला शेपूट जोडायची. "येताना छत्री विसरलात ना, बाबा?" आणि छत्री खरंच विसरलेली असायची. शेपटी हे नाव मीच ठेवलं. आता तिच्या वयाकडे बघून लोक म्हणतात, की असं काय हाक मारता. मी म्हणते, तुम्हाला काय त्रास? ओ देते ना ती?

आम्ही किनाऱ्याकडचे, वहिनी डोंगराकडची. आपल्या देशात अर्धे लोक किनारी बोलतात, अर्धे डोंगरी, आणि दोन्हीकडच्यांना वाटतं की दुसऱ्याची भाषा म्हणजे घसा साफ करणं. आमच्या घरात वहिनी डोंगरीतून रागवायची, भाऊ किनारीतून समजूत काढायचा आणि मधे निरोप्याचं काम शेपटीकडे. रागवणं तिकडून इकडे नेताना ती राग जराही कमी करायची नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. दुसरी मुलगी असती तर आईबापांत भांडण नको म्हणून चार शब्द गिळले असते. ही नाही. वहिनी म्हणाली "बावळट", की हीसुद्धा बापाला तोंडावर "बावळट" म्हणायची आणि वर सांगायची, "मी नाही हो, आई म्हणतेय."

संसदेत मात्र तेवढं शेवटचं म्हणायची सोय नाही. तिथला पहिला नियमच तो. दुभाष्याने "ते म्हणतात" असं म्हणायचं नाही. पुढारी "मी" म्हणाला की आपणही "मी" म्हणायचं. तो चिडला की आपण चिडायचं, तो विनोद करील तर आपणही करायचा, आणि तो हसू आणणारा नसेल तर देवाचं नाव घ्यायचं. अंगठ्या, नाणी, किल्ल्या सगळं बाहेर ठेवून आत जायचं, कारण माईक उंदरासारखा असतो, काहीही कुरतडतो. खोकला आला तर खोकल्याचं बटण असतं, ते दाबून खोकायचं. एका खोलीत दोघं, आलटून पालटून. शेपटीच्या जोडीला जे गृहस्थ आहेत ते ते बटण इतकं वापरतात की मी त्यांना खोकलेबुवा म्हणते. सज्जन माणूस. पण रेल्वेचं वेळापत्रक आणि देशावरचं संकट एकाच सुरात सांगतात.

आणि तिथली एक जुनी पद्धत आहे. मोठ्या पुढाऱ्यांचा आवाज ठरलेला असतो. म्हणजे अमक्या नेत्याचं भाषण दरवेळी तमक्याच दुभाष्याने करायचं, म्हणजे कानाला यंत्र लावून बसलेल्या सदस्यांना आणि घरी रेडिओ ऐकणाऱ्यांना गोंधळ होत नाही. आमच्या शेपटीकडे आले तेव्हाचे पंतप्रधान. त्यांचं नाव मी घेत नाही. हल्ली त्यांना आम्ही जुनेराव म्हणतो, आणि जे नवीन आले त्यांना नवेराव.

जुनेराव डोंगरीत बोलायचे. आम्ही किनाऱ्यावरचे सगळे त्यांना शेपटीच्या आवाजात ओळखायचो. माझ्या शिवणाच्या खोलीत रेडिओ चालू असायचा. बायका पडदे शिवता शिवता म्हणायच्या, "बोलावं तर यांनीच, काळजाला हात घालतात." मी सुईत दोरा ओवत गप्प बसायचे. बसायचे म्हणजे, एकदोनदा बसले. मग सांगून टाकलं, की काळजाला हात घालणारा हात आमच्या घरचा आहे.

शेपटीला जुनेराव पाठ झाले होते. हा माणूस श्वास कुठे घेतो, टेबलावर बोट कधी आपटतो, "माझ्या बंधूंनो" म्हटलं की पुढे शेतकरी येणार का सैनिक, सगळं तिला ठाऊक. त्यामुळे ती त्यांच्या मागून जायच्या ऐवजी त्यांच्या दोन शब्द पुढे धावायला लागली. ते क्रियापदापर्यंत पोचायच्या आत ही वाक्य पुरं करून मोकळी. त्यामुळेच तर भाषण भाषांतरासारखं वाटायचं नाही. मी एकदा तिला म्हटलं होतं, "बये, एखाद दिवशी तो डावीकडे वळला तर?"

"ते नाही वळत, आत्या. त्यांना वळताच येत नाही. म्हणून तर ते पंतप्रधान आहेत."

तिचा नवरा तिथेच बसला होता. जावईबापूंचं चष्म्याचं दुकान आहे आणि ते दिवसाला मोजकंच बोलतात. घरी हिला शेपूट जोडायला वाक्यच मिळत नाही, म्हणून संसार सुखाचा चाललाय. ते नुसते "हं" म्हणाले. त्या "हं"कडे आम्ही लक्ष द्यायला हवं होतं.

मग निवडणूक झाली आणि जुनेराव पडले. ते स्वतः निवडून आले, पण सरकार गेलं. कशामुळे गेलं, तर पाण्याच्या मीटरमुळे. घरोघरी नळाला मीटर बसवायचं विधेयक त्यांनी आणलं होतं. "हे विधेयक देशाच्या भवितव्यासाठी अत्यावश्यक आहे" हे वाक्य शेपटीने इतक्यांदा म्हटलं की ती झोपेत बरळायची. विरोधात बसलेल्या नवेरावांनी तेव्हा रिकामी बादली घेऊन सभात्याग केला होता. लोकांना बादली आवडली. बादलीवाल्यांचं सरकार आलं.

नव्या संसदेच्या पहिल्या दिवशी काय गंमत झाली असेल. जुनेराव दारातून आत आले आणि सवयीने उजवीकडच्या सरकारी बाकांकडे चालायला लागले. मार्शलने हळूच कोपराला धरून त्यांना डावीकडे वळवलं. नवेरावही सवयीने डावीकडे निघाले होते. दोघं मधे समोरासमोर आले, आणि एकमेकांना वाट देण्यात एकदा दोघं इकडे सरकले, एकदा दोघं तिकडे. शेपटी वरून काचेतून बघत होती. ती म्हणाली, "आत्या, मला तेव्हाच कळायला हवं होतं."

काय कळायला हवं होतं ते पुढे आलंच. सरकारात जाऊन नवेरावांनी पाण्याच्या नळ्या बघितल्या, धरणं बघितली आणि काही महिन्यांत तेच विधेयक परत आणलं. वरचा कागद बदलला, आतला मीटर तोच. आणि त्यावर विरोधी पक्षनेते म्हणून बोलायला उभे राहिले आमचे जुनेराव.

चांगलं रंगलं होतं भाषण. धरणं आली, दुष्काळ आला, बोट टेबलावर आपटलं. मग त्यांनी सूर चढवला, "आणि म्हणून, अध्यक्षबाई, हे विधेयक देशाच्या भवितव्यासाठी..." आणि श्वास घ्यायला थांबले. शेपटी थांबते होय? ती गेली पुढे. "अत्यावश्यक आहे," असं तिने किनारीत, खणखणीत आवाजात, सगळ्या सभागृहाच्या कानात सांगून टाकलं. तिकडे जुनेरावांचा श्वास घेऊन झाला आणि ते म्हणाले, "घातक आहे."

किनाऱ्याकडच्या सत्ताधारी सदस्यांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. जुनेरावांना वाटलं, विरोधाला सरकारी बाजूने टाळ्या, म्हणजे आपण भलतंच छान बोललो. ते तेच परत म्हणाले. शेपटीने लगेच माफी मागून दुरुस्ती केली, पण त्या गदारोळात ऐकतंय कोण. नवेराव उठले, हात जोडले आणि पाठिंब्याबद्दल जुनेरावांचे आभार मानले.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पायातल्या चपला न काढता शिवणाच्या खोलीत येऊन बसली.

"चुकलं," म्हणाली.

"चुकलं ते चुकलं. पण खोटं काय बोललीस?" मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी हेच म्हणत होता ना तो?"

"ते माझं काम नाही, आत्या. आज काय म्हणाले ते माझं काम." मग म्हणाली, "मला तिथून काढलं ना, तर मी दुसरं काही करायची नाही. मला दुसरं येतच नाही."

"पडदे शिव."

"सरळ शिवण येत नाही मला."

"ते खरंय," मी म्हटलं, कारण तिने शिवलेली एक उशी अजून माझ्याकडे आहे आणि ती पाहून पाहुणे विचारतात, की हे कासव आहे का.

जुनेरावांनी वैयक्तिक खुलासा करायची परवानगी मागितली. म्हणजे सदस्याबद्दल काही गैरसमज झाला की त्याने उभं राहून आपली बाजू मांडायची, अशी सोय असते. त्या दिवसाचा प्रेक्षक गॅलरीचा पास मी मिळवला. कसा मिळवला ते विचारू नका, पण सचिवालयात आता चांगले पडदे आहेत. मी पहिल्या रांगेत बसले आणि कानाला यंत्र लावलं. समोर उंचावर काचेची खोली, त्यात शेपटी आणि खोकलेबुवा.

जुनेराव उभे राहिले. माझ्या कानात शेपटीचा आवाज सुरू झाला, "अध्यक्षबाई, माझ्या तोंडी मी न उच्चारलेले शब्द घातले गेले." आता बघा, त्याच्या तोंडी शब्द घालणारीच हे सांगतेय. खोकलेबुवांनी माईककडे हात नेला, की द्या, मी करतो. तिने त्यांचा हात बाजूला सारला. तेवढं मला लांबूनही दिसलं.

"ही साधी चूक नाही," ती म्हणाली. म्हणजे तो म्हणाला. "जिला माझं बोलणं ऐकायची गरज वाटत नाही, तिने माझा आवाज होऊ नये. माझी मागणी आहे, त्या बाईंना आजच्या आज त्या खोलीतून बाहेर काढा." आणि काय जोर होता त्या वाक्यात. लहानपणी बापाला "बावळट" म्हणायची ना, त्याच जोरात. एक शब्द गिळला नाही, एक शब्द मऊ केला नाही. आणि पुढे धावली नाही. तो थांबला की ही थांबत होती.

माझ्या शेजारी एक काका बसले होते, किनाऱ्याकडचेच. ते कानावर यंत्र दाबून मान डोलवत होते. मला म्हणाले, "काय दम आहे बघा म्हाताऱ्याच्या बोलण्यात. पटलं मला. काढायलाच पाहिजे त्या बाईला."

"तुम्हाला आवाज आवडला का?" मी विचारलं.

"आवाज तर यांचा पहिल्यापासून छानच."

मी त्यांना काही सांगितलं नाही. कधी कधी मीही गप्प बसते, असा पुरावा हवा असेल तर ते काका आहेत.

अध्यक्षबाई किनाऱ्याकडच्या. त्यांनीही सगळं शेपटीच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि त्यांनाही पटलं. त्यांनी निर्णय दिला, की सन्माननीय सदस्यांचं म्हणणं अतिशय स्पष्ट आहे, त्या दुभाषींना तूर्त लेखी कामाकडे पाठवावं. एवढं नीट भाषांतर केलं माझ्या भाचीने, की स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकालपट्टी करून खाली आली. जिन्यात मी तिला गाठलं. म्हटलं, "अगं, जरा वाईट करायचं होतंस. एखादा शब्द चुकवायचास."

"आज चुकवला असता तर त्यांचं म्हणणं खरं झालं असतं," ती म्हणाली. रडत नव्हती. चिडली होती, आणि चिडलेली शेपटी मला रडक्या शेपटीपेक्षा परवडते.

लेखी काम म्हणजे तळघर. गरम पाण्याच्या नळ्या डोक्यावरून गेलेल्या आणि टेबलावर बोटींच्या दिव्यांचे नियम. ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करायचे आणि कुणी वाचेल अशी आशा धरायची नाही. वर जुनेरावांचा आवाज झाले खोकलेबुवा. त्यांनी एकही चूक केली नाही. जुनेराव गरजले, तरी रेडिओवर असं वाटायचं की गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे. माझ्या शिवणाच्या खोलीतल्या बायका आठवड्याभरात म्हणायला लागल्या, "हरल्यापासून अगदीच खचला बिचारा." एकीने तर रेडिओ लावूच नका म्हटलं, सुई बोटात घुसते, डुलकी लागते. गावोगाव हेच चाललं होतं म्हणे. जुनेरावांच्या किनाऱ्यावरच्या सभांना खुर्च्या उरायला लागल्या.

त्यांना हे कुणी सांगितलं, तर बायकोने. जुनेरावांची बायको किनाऱ्याकडची. घरात नवऱ्याशी डोंगरी बोलते, पण रेडिओ आपल्या भाषेतलाच लावते. आजवर जुनेरावांना वाटायचं, बायको आपलं भाषण ऐकते. ती ऐकत होती शेपटीचं. हे सगळं खुद्द जुनेरावांनीच शेपटीला सांगितलं, कारण एक दिवस दुपारी ते स्वतः तळघरात उतरले. पंतप्रधान होते तेव्हा पुढेमागे माणसं असायची. आता एकटेच. आधी बॉयलरच्या खोलीत शिरले, मग हिच्या दारात आले.

"तुम्हीच ना त्या?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं त्यांचा आवाज होती ती, पण तोंडवळा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"हो, साहेब."

"आमच्या घरी म्हणतात, तुम्ही गेल्यापासून माझं भाषण ऐकलं की झोप येते."

"बाईसाहेब म्हणतात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्याशी असं दुसरं कोण बोलणार?"

म्हातारा हसला म्हणे. मग खुर्ची ओढून बसला. "वर परत या. पण माझ्या पुढे धावायचं नाही."

"नाही धावणार," शेपटी म्हणाली. "साहेब, ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याच पुढे धावता येतं. तो कुठे जाणार हे माहीत असतं म्हणून. आता तुमच्या मागून येईन."

त्यांना लागलं असणार. लागायलाच हवं होतं. मग उठले आणि म्हणाले, "मी विभागात निरोप देतो. उद्यापासून या."

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. ही म्हणाली, "निरोप नको. तुम्ही मला सभागृहात काढलंत, सगळ्यांच्या कानात. परतही तिथेच घ्या."

"मी आजवर सभागृहात एक शब्द मागे घेतलेला नाही."

"मला माहीत आहे. तसा शब्द आला असता तर मलाच म्हणावा लागला असता."

हे ती मला सांगत होती तेव्हा मी शिवणयंत्र थांबवलं. म्हटलं, "शेपटे, हात दाखवून अवलक्षण. मिळत होतं ते घ्यायचं होतंस."

"मागच्या दाराने वर गेले असते, तर उद्या कुणीही उठून म्हणालं असतं, की जुनेरावांनी आपली बाई परत आणली. मी त्यांची बाई नाही, आत्या. मी सभागृहाची आहे."

आठवडा गेला. बोटींचे दिवे संपून होड्यांचे भोंगे सुरू झाले. मला वाटलं, बसली ही आता तळघरातच, डोकं फिरलेल्या आत्याची डोकं फिरलेली भाची. जावईबापू रोज संध्याकाळी तिला न्यायला जात आणि वाटेत काही बोलत नसत, आणि ती म्हणायची, त्याचाच आधार आहे.

मग एका सकाळी अध्यक्षबाईंकडून तिला वर बोलावणं आलं. विरोधी पक्षनेत्यांना वैयक्तिक निवेदन करायचं आहे, आणि ते कुणी भाषांतरित करायचं याबद्दल त्यांचा आग्रह आहे, असं. खोकलेबुवांनी तिची खुर्ची आधीच पुसून ठेवली होती.

माझ्या खोलीत आम्ही सगळ्याजणी यंत्रं थांबवून बसलो. रेडिओवर खरखर झाली आणि शेपटीचा आवाज आला. "अध्यक्षबाई, काही दिवसांपूर्वी मी या सभागृहात एका दुभाषीबद्दल एक मागणी केली होती. ती मागणी मी..." आणि रेडिओ गप्प.

गप्प म्हणजे अगदी गप्प. एक बाई म्हणाली, "बंद पडला वाटतं," आणि उठून त्याला थापटायला निघाली. मी तिला हाताने बसवलं. मला डोळ्यांसमोर दिसत होतं ना सगळं. जुनेराव उभे आहेत, ओठ मिटलेत, तो शब्द काही केल्या बाहेर येत नाहीये. किनाऱ्याकडचे सगळे सदस्य कानाला यंत्र लावून वर काचेकडे बघताहेत. आणि आमची शेपटी, जिने जन्मात कुणाचं वाक्य अर्धं राहू दिलं नाही, ती तोंड मिटून बसली आहे. शब्द काय येणार हे तिला माहीत होतं. सगळ्या देशाला माहीत होतं. पण तो जुनेरावांनाच म्हणायला लागणार होता.

मग लांबून, माईकच्या पलीकडून, डोंगरीतला एक पुटपुटलेला शब्द ऐकू आला. आणि त्यानंतरच ती म्हणाली, "मागे घेतो."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघता काय, कात्र्या उचला." तोवर जुनेराव पाण्याच्या मीटरवर तुटून पडले होते, आणि त्यांच्या मागोमाग, फार नाही, जेमतेम एक शब्द मागे राहून, आमची शेपटी सरकारला फाडून खात होती.